आधी पाट्या दाखवा, मग डबा घ्या : सोलापूरच्या आमच्या वायरमन अण्णांना

अण्णा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

टेम्पोत इन्व्हर्टर बसवून दिलात, त्याचे आभार एका ओळीत मानता आले असते. पण तुमचं खरं काम सीटमागं, नळीच्या आत आणि टर्मिनलच्या टोपीखाली दडलंय. वरून दिसतो तो नुसता इन्व्हर्टरचा डबा. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. आठवडी बाजारात चटणी-चादरी घेऊन जाणाऱ्या बाकीच्या टेम्पोवाल्यांनीही ते वाचावं.

"किती वॅटचा घेऊ?" असं विचारलं की तुम्ही आकडा सांगत नाही, "चालवायचं काय काय? पाट्या दाखवा," म्हणता, म्हणजे प्रत्येक यंत्रावरची वॅट छापलेली पट्टी. पुठ्ठ्यावर तुम्ही बेरीज केलीत : शेंगाचटणीची पाकिटं सील करायचं मशीन ३०० वॅट, टेबलफॅन ५५, दोन एलईडी पट्ट्या ४०, बिलाचा प्रिंटर आणि मोबाइलचे चार्जर ६०. एकूण ४५५. त्यावर पाव भाग जास्त धरून ६०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्या लाइनीसारखी गुळगुळीत लहर देणारा. हे ६०० सलग मिळणारे हवेत; खोक्यावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा क्षणभराचा असतो, आणि सलगचा आकडा बारीक अक्षरांत खाली सापडतो. सीलिंग मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तो दाबल्याबरोबर झटका घेतो. स्वस्तातल्या, तुटक लहर देणाऱ्या मॉडिफाइड वेव्हवर तोच ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो, फॅनचंही तसंच. म्हणून डबा गाडीत बसवण्याआधी तुम्ही त्यावर दहा-बारा पाकिटं सील करून बघितलीत.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर हे का चालत नाही, तेही तुम्ही हिशोबानंच पटवलंत. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १५ अँपिअरचा, म्हणजे १२०-१५० वॅटच्या पुढं जायचंच नाही. आपले ४५५ वॅट १२ व्होल्टवर, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर ४५ अँपिअर मागतात. बॅटरी ११ व्होल्टवर आली की ४९. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात, हे घरच्या बोर्डाची सवय असलेल्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही.

वायरचं तर विचारूच नका. आम्ही बाजारातून आणलेली जाड, लाल, झकास दिसणारी केबल तुम्ही हातात घेतलीत, एक तार ब्लेडनं खरवडलीत आणि समोर धरलीत : वरून तांबडी, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ती बाजूला टाकून तुम्ही बारीक तारांची २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतलीत. बॅटरीपासून डबा दोन मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर; ५० अँपिअरला या केबलवर साधारण ०.१५ व्होल्ट वाया जातो. हीच वायर ४ स्क्वेअर एमएमची असती तर एक अख्खा व्होल्ट गेला असता, म्हणजे ५० वॅटची भट्टी नळीत पेटली असती आणि बॅटरीत दम असूनही डबा 'लो बॅटरी'ची शिटी मारत बसला असता. अशी शिटी वाजली की लोक बॅटरी बदलतात. दोष वायरचा असतो.

लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा कान, क्रिंप करायला (दाबून बसवायला) तुम्ही हायड्रॉलिक प्रेस वापरलीत, हातोडीनं चेपलं नाहीत. सोल्डरचं शिसंही वितळवून भरलं नाहीत, कारण शिसं तारांत चढून जिथं थांबतं तिथं केबल ताठ होते आणि खडखडाटात तिथंच तुटते. आणि पाय टेकवून केबल ओढून बघितलीत, ते आम्ही पाहिलं!

फ्यूज डब्यात आहेच, मग दुसरा कशाला? असं आम्हीही विचारलं. डब्यातला फ्यूज डब्याला वाचवतो. मधली केबल पत्र्याला घासून सोलली तर तिला वाचवायला ८० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत हवा. पत्र्यातून केबल जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी), पुढं नागमोडी नळी, दर हातभर अंतरावर क्लिप.

दुसऱ्या बॅटरीचा आग्रह तुमचाच. बाजारात गाडी बंद ठेवून नुसते फॅन, दिवे, प्रिंटर चालले तरी १५ अँपिअर जातात, तीन तासांत ४५ अँपिअर-तास. सेल्फ मारायची ६५ अँपिअर-तासाची बॅटरी एवढ्यात झोपते, आणि तिच्या पातळ प्लेटा असं खोल उतरणं फार दिवस सोसत नाहीत. म्हणून इन्व्हर्टरसाठी वेगळी १०० अँपिअर-तासाची सीलबंद डीप सायकल बॅटरी (खोल उतरणं सोसणारी), आणि दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा १४० अँपिअरचा रिले. साधारण १३.३ व्होल्टला तो दोघींना जोडतो, १२.८च्या खाली सोडवतो. त्या जोडकेबलला तुम्ही दोन्ही टोकांना १०० अँपिअरचे फ्यूज दिलेत, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. एकच फ्यूज लावलेल्या गाड्या सर्रास दिसतात.

रिले घेण्याआधी इंजिन चालू ठेवून तुम्ही मीटर धरला होतात. काटा १४.२ व्होल्टला स्थिर होता म्हणून रिलेवर भागलं. बीएस-६च्या (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राचे, व्होल्ट कंप्युटर खाली-वर करतो. तिथं हा रिले वेळीअवेळी सुटतो आणि दुसरी बॅटरी उपाशी राहते. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जर लागतो, जो व्होल्ट खाली-वर झाले तरी दुसरी बॅटरी नीट भरतो. बॅटरीच्या मायनसला करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असेल तर इन्व्हर्टरचा मायनस थेट त्या टोकावर नको, सेन्सरच्या पलीकडं बॉडी अर्थवर हवा. नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशोब लागत नाही.

जागेवरून आपला थोडा वाद झाला होता. आम्हाला डबा सीटखाली हवा होता, तुम्ही मागच्या पत्र्यावर उंच बसवलात, डब्याच्या स्वतःच्या फॅनकडच्या बाजूला चार बोटांहून जास्त मोकळीक ठेवून. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४३-४४ला, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. डबा तापला की आपला आपण बंद पडतो, आणि चटणीच्या पाकिटांच्या ढिगाखाली तर लगेच. तुमचं बरोबर होतं.

शेवटच्या जोडणीला तुम्ही इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मध्ये धरलात. तो भक्कन पेटला, मंद होत विझला, मग केबल बसवलीत; ठिणगी नाही. डब्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे असतात, थेट जोडलं तर ते एकदम भरतात आणि लगचं टोक भाजतं. प्लस-मायनसची अदलाबदल मात्र कुठलाही बल्ब वाचवत नाही, आतले मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे भाग, क्षणात जातात. तुम्ही तोंडानं "लाल, प्लस, लाल" म्हणत जोडत होतात, त्याचं हसू आलं होतं. आता आम्हीही म्हणतो.

पूर्ण लोड चालू करून बॅटरीवर १२.३ आणि डब्याच्या टोकांवर १२.१ व्होल्ट दाखवलंत, वीस मिनिटांनी तापलंय का ते बघायला प्रत्येक लगवर बोट ठेवलंत, मगच पैसे घेतलेत. मेन स्विचही सांगून बसवलात, कारण काही न चालवताही डबा अर्धा-एक अँपिअर खातो. रात्रभरात सहा-बारा अँपिअर-तास तसेच जातात. आणि मंडपाच्या किंवा घराच्या बोर्डात या डब्याची पिन घालायची नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. समोरून लाइन आली की डबा फुटतो.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत दुकान उशिरापर्यंत चालतं, तेव्हा बॅटरी जास्त उतरते. मोहोळ ते सोलापूर एवढ्या धावेत ती पुरती भरत नाही, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एक रात्र १० अँपिअरच्या चार्जरवर लावतो. महिना झालाय, लगचे नट एकदा आवळून बघायचे आहेत. पुढच्या सोमवारी टेम्पो घेऊन येतो. तुमचा क्रिंपिंगचा डाय (प्रेसचा साचा) सीटखाली सापडला, तोही आणतो. सोबत चटणी आहे, लसूण जास्त घातलेली.

आपले,
बाजाराला जाणारे शेंगाचटणीवाले, सोलापूर