पुढची चाकं जमिनीवर ठेवणाऱ्या उस्तादांना

उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही ड्रॉइंग वाचता, पत्रं वाचत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी हे पत्र उघड लिहितोय. वर्कशॉपमधली पोरं तुम्हाला वाचून दाखवतील, आणि जड टो ट्रक बांधायला काढलेल्या आणखी चार जणांच्या नजरेखालून जाईल, एवढा हिशेब आहे.

तुम्ही बांधलेली माझी गाडी, बंद पडलेले ट्रक उचलून ओढणारी, रस्त्यावर आली आहे. बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "किती टन उचलते?" तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत, नुसती चॅसी उभी असताना, विचारलं होतं, "उचलल्यावर पुढच्या एक्सलवर किती राहील?" माझ्या आभारांचं मूळ त्या प्रश्नात आहे.

तुम्ही फरशीवर खडूने काढलेला हिशेब मी वहीत उतरवून घेतला होता. पुढच्या एक्सलपासून मागच्या जोड-एक्सलच्या मध्यापर्यंत ५.२ मीटर. त्या मध्यापासून अंडरलिफ्टच्या, म्हणजे ओढायच्या गाडीला खालून उचलणाऱ्या दांड्याच्या, टोकापर्यंत, दांडा आत घेतलेला असताना, २.६ मीटर. म्हणजे बरोब्बर निम्मं. सी-सॉवर मागे बसलेलं पोर जड झालं की पुढचं वर जातं, तसंच हे: मागे एक टन उचलला की पुढचा अर्धा टन हलका होतो. गाडी वजनकाट्यावर नेली तेव्हा पुढच्या एक्सलवर ५.८ टन भरले. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक धरायला हवे असतील तर यातलं निम्मं वजन तरी पुढे उरलंच पाहिजे, हा या धंद्यातला जुना नियम. म्हणजे जास्तीत जास्त २.९ टन गमवायचे, आणि उचलायचे ५.८. दांडा पूर्ण बाहेर काढला की अंतर ३.९ मीटर होतं आणि हीच मर्यादा ३.८ टनांवर येते.

बूम (वरचा उचलणारा लांब हात) आणि अंडरलिफ्टचं पोलाद १२ टन आरामात पेललं असतं. प्लेटवर १२ लिहिलं असतं तर गिऱ्हाईकही खूश झालं असतं. तुम्ही मात्र दोन आकडे कोरले, दांडा आत असतानाचा आणि बाहेर असतानाचा, आणि तेही ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर. मागच्या टायरचा हिशेबही तेव्हाच दाखवलात: ५.८ टन उचलले की मागच्या एक्सलवर तेवढेच वाढत नाहीत, पुढून सुटलेले २.९ धरून ८.७ वाढतात. टायर आणि पाटे त्या आकड्यावर निवडले गेले. तेलाची टाकी, साखळ्यांची पेटी, स्नॅच ब्लॉक (दोर वळवायची कप्पी), सगळं केबिनला चिकटून पुढे घेतलंत. अंडरलिफ्टची पिन टायर घासणार नाही इतपतच मागे ठेवलीत. दिसायला गाडी जरा आखूड वाटते. वाटू दे.

चॅसीला वेल्डिंगची काडी लावू दिली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. या चॅसीचे चॅनेल उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असतात. तिथे टाका मारला की त्या जागची ताकद जाते आणि तडा पुढे कधीतरी जातो, बहुतेक भर लोडमध्ये. वरच्या-खालच्या पट्टीला भोकही नाही. सबफ्रेम, म्हणजे बूमचा भार घेणारा चॅसीवरचा सांगाडा, बसली ती चॅनेलच्या उभ्या भिंतीवर, प्लेटा आणि बोल्टांनी, शक्य तिथे कंपनीचीच भोकं वापरून. सबफ्रेमचं पुढचं टोक चौकोनी न ठेवता लांब तिरका काप देऊन निमुळतं केलंत, कारण चौकोनी टोक जिथे संपतं तिथेच चॅसी वाकायला बघते. हा काप आता रंगाखाली आणि टाकीमागे गेला आहे. सबफ्रेमवर टाके मारायचे असले तरी आधी बॅटरीच्या वायरी सोडायच्या, इंजिनच्या कंप्युटरचं कनेक्टर काढायचं आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावायचा, हे तुमच्याकडचं नवं पोरगंही न सांगता करतं.

बूमचं काम चालू होतं त्या संध्याकाळबद्दल लिहिलंच पाहिजे. जास्त ताकदीचं पोलाद, म्हणून प्लेट आधी तापवून घेतलेली, वेल्डिंगचे रॉड ओव्हनमधून काढून गरम डब्यात ठेवलेले. टाके दिसायला सुरेख होते. मी असतो तर त्याच रात्री प्रायमर मारला असता. तुम्ही लाल डाय फवारला, थांबलात, फडक्याने पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला; तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. बाकी सगळं पांढरं राहिलं. फक्त एका गसेटच्या (कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या) टोकाला, टाका जिथे संपला होता तिथे, नखाएवढी लाल रेघ हळूहळू वर आली. केसासारखी बारीक. त्या वेल्डर पोराचा चेहरा पडला. तुम्ही त्याला रागावला नाहीत. ग्राइंडर त्याच्याच हातात दिलात आणि रेघ पुरती नाहीशी होईपर्यंत खोल घासायला लावलंत. मग पुन्हा डाय, पुन्हा तापवणं, आणि या वेळी टाका गसेटच्या टोकावर न थांबवता टोकाला वळसा घालून आणायला सांगितलंत. त्या पोरालाही माझा नमस्कार सांगा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, उगाच लाजेल.

हायड्रॉलिकचं मला काही कळत नव्हतं आणि आता थोडं कळतं. गिअरबॉक्सवरच्या पीटीओला (इंजिनची ताकद बाहेर काढून देणाऱ्या जोडणीला) पंप, प्रेशर २१० बारला बांधलेलं, जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवर सील, जेणेकरून जास्त ओढायच्या नादात कुणी स्क्रू फिरवू नये. पण तुमचा खरा हट्ट सिलिंडरमधलं तेल अडवून धरणाऱ्या होल्डिंग व्हॉल्व्हसाठी होता. तो थेट सिलिंडरच्या अंगावर हवा, मध्ये पाइप नको; कारण फुटतो तो पाइपच, आणि व्हॉल्व्ह पाइपच्या पलीकडे असेल तर बूम खाली यायला कोण अडवणार? बूमला वजन टांगून, इंजिन बंद करून, सिलिंडरच्या चकचकीत रॉडवर तुम्ही चिकटपट्टीचा तुकडा लावलात आणि शटर ओढून घरी गेलात. सकाळी पट्टी होती तिथेच होती.

विंचवर दोर भरतानाही तीच तऱ्हा. सैल दोर ड्रमवर गुंडाळला तर लोड आल्यावर वरचा वेढा खालच्यात रुततो, म्हणून दुसरी गाडी मागे बांधून, ताण ठेवून, एकेक वेढा शेजारी बसवत दोर भरला. शेवटचे पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, म्हणून तेवढ्या दोराला लाल रंग. विंचवर लिहिलेली ओढ पहिल्या थराची असते, थर चढतील तशी ती कमी होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. दोर जास्त सोडून स्नॅच ब्लॉकमधून परत आणला तर ताकद दुप्पट कशी मिळते, तेही.

आणि ती सुतळी! विंचपासून समोरच्या खांबापर्यंत सुतळी ताणून तुम्ही मला लिव्हरपाशी उभं केलंत. दोर तुटला तर कुठून झपाटा मारेल, ते मग तुम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही. लिव्हरची पेटी तिथून उचलून बाजूला नेलीत. पाइप पुन्हा मापाने कापावे लागले, दोन दिवसांचं काम वाढलं, आणि बिलात त्याचा उल्लेख नाही. माझ्या ऑपरेटरच्या आईला हे कळलं तर ती तुमच्या पाया पडेल.

दिवे, रंग, वायरिंग, ओढून न्यायच्या गाडीचे, हवा गेली की आपोआप लागणारे, स्प्रिंग ब्रेक सोडवायला हवेची लाइन, हे सगळं नीट आहे. फोटो लोक त्या फिरत्या पिवळ्या दिव्यांचेच काढतात.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही अर्नेस्ट होम्सची गोष्ट सांगायचात. अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगाचा गॅरेजवाला, १९१६ साली ओढ्यात पडलेली एक गाडी दोर आणि माणसांच्या जोरावर काढताना घामाघूम झाला, आणि मग १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक पुली आणि साखळी लावून त्याने टो ट्रक उभा केला. त्या गावात आता टो ट्रकचं संग्रहालय आहे. तुम्हाला त्या गोष्टीत साखळीपेक्षा एकाच गोष्टीची उत्सुकता: "पहिल्यांदा उचललं तेव्हा त्याची पुढची चाकं कुठे होती?" पोरं हसायची. मीही हसलो होतो. आता मात्र घाटात भरलेला ट्रक मागे लटकवून वळण घेताना स्टिअरिंग हाताला जड लागतं, म्हणजे चाकं रस्ता धरून आहेत, तेव्हा तुमचा तो प्रश्न आठवतो.

बोल्टांवर तुम्ही मारलेल्या पिवळ्या रेघा अजून सरळ आहेत, म्हणजे बोल्ट फिरलेले नाहीत. तरी पहिल्या काही कामांनंतर टॉर्क (बोल्टांची आवळणी) पुन्हा बघायचा असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून येत्या सोमवारी गाडी घेऊन येतो. बूमच्या दुसऱ्या टप्प्याचं नायलॉन पॅड बाहेर येताना जरा कुरकुरतं, तेही बघाल. आणि हो, या वेळी बिलात सगळं लिहा.

आपला,
गाडीवाला