दाढीचा छंद आणि वापरलेल्या पात्याचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पद्धतीने दाढी करण्याच्या नव्या छंदावर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने आणि दुसऱ्यांदा थोडा वैतागून. लेखात शिसवी मुठीचे ब्रश, परदेशी साबणांच्या डब्या आणि हजारोंच्या घरात किंमत असलेले रेझर यांची देखणी छायाचित्रे होती. पाणी, कोन आणि केसांची दिशा या ज्या तीन गोष्टींवर ही सगळी विद्या उभी आहे, त्या मात्र दोन ओळींत उरकल्या होत्या, आणि वापरून झालेले पाते कुठे टाकायचे याविषयी तर एक अक्षरही नव्हते. हा शेवटचा मुद्दा मला का सलतो ते पुढे सांगतोच. आधी छंदाविषयी थोडे.

नोकरीची सगळी वर्षे मी ठाण्याहून सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत डब्यातला फेस आणि प्लास्टिकचे कार्ट्रिज, म्हणजे मुठीला अडकवायचे पात्यांचे तयार डोके, वापरून तीन मिनिटांत दाढी उरकत आलो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि माळ्यावरची ट्रंक आवरताना वडिलांचा पितळी रेझर हाती लागला. त्याची मूठ फिरवली की डोक्यावरच्या दोन पाकळ्या उघडतात आणि आत पाते ठेवता येते. वडील ओसरीवर बसत, आरसा खिडकीच्या गजाला टेकवत, वाटीभर गरम पाणी घेत आणि रेझरवरचा फेस दिनदर्शिकेच्या कालच्या पानावर पुसत. तेवढा वेळ आम्ही मुलांनी त्यांच्या आसपास फिरकायचे नाही, असा घरात अलिखित नियम होता. रेझर असा वारशाने आला, पण तो चालवायचा हात काही आला नाही. पहिला आठवडाभर माझ्या हनुवटीवर तुरटीचा खडा फिरत होता आणि सौभाग्यवती रोज सकाळी, आज कुठे, एवढेच विचारत होत्या.

शिकवले ते आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या काकांनी. कार्ट्रिजची सवय असलेला माणूस रेझर गालावर दाबतो, ही माझी पहिली चूक त्यांनी दाखवून दिली. कार्ट्रिजचे डोके वळते आणि दाब सहन करते. एका पात्याच्या धातूच्या रेझरला मात्र स्वतःचे वजन पुरेसे असते, आपण त्याला फक्त दिशा द्यायची. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांच्या कोनात राहिले पाहिजे, म्हणून आधी रेझरचे डोके गालावर आडवे टेकवायचे आणि केस कापले जाण्याचा बारीक खरखराट ऐकू येईपर्यंत मूठ हळूहळू खाली आणायची. दुसरी गोष्ट केसांच्या दिशेची. गालावरचे केस बहुधा खालच्या बाजूला वळलेले असतात, पण गळ्यावर ते कुठे आडवे, कुठे उलटे, तर कुठे चक्क भोवऱ्यासारखे वाढतात, आणि हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा असतो. दोन दिवस दाढी वाढू देऊन बोटाने चाचपले की तो कळतो. पहिला हात केसांच्या दिशेने आणि पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा, एवढ्यावर माझे भागते. घोटून दाढी हवी असणारे तिसऱ्यांदा उलटा हात मारतात. काकांनी मला त्याची सहा महिने बंदी घातली होती आणि ती योग्यच होती.

या सगळ्याच्या आधी येते ते पाणी. बिनपाण्याने हजामत करणे हा वाक्प्रचार आपल्याकडे उगाच रुजलेला नाही. कोरडा केस राठ असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात मुरला की तो फुगतो, मऊ होतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा निदान गरम पाण्यात पिळलेला पंचा चेहऱ्यावर धरावा. फेसाचे कामही खरे तर तेच आहे, म्हणजे केसाला पाणी धरून ठेवणे आणि पात्याला घसरण देणे. ठाण्यात धरणाचे पाणी येते, त्यामुळे साबणावर ब्रश अर्धा मिनिट फिरवला तरी सायीसारखा फेस येतो. तोच साबण आणि तोच ब्रश मी लातूरला बहिणीकडे नेला, तेव्हा बोअरच्या पाण्यात नुसता पांढरा चोथा झाला आणि पाहुण्या माणसाने यजमानांच्या न्हाणीघरात घालवावा त्याहून बराच जास्त वेळ गेला. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवतात, हे आपण शाळेत शिकलेले असतो, पण गालावर अनुभवेपर्यंत ते पटत नाही. अशा ठिकाणी फेसापुरते वाटीभर, क्षार काढून टाकणाऱ्या आरओ यंत्राचे पिण्याचे पाणी घ्यावे. त्यासाठी महागडा साबण मागवण्याची गरज नाही.

लेखात या पद्धतीला राजेशाही म्हटले आहे, तेही मला खटकले, कारण हा रेझर मुळात सामान्य माणसाने घरच्या घरी, न्हाव्याची वाट न पाहता दाढी करावी म्हणून निघाला. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी फिरत्या विक्रेत्याने धार न लावता फेकून देता येईल अशा पातळ पात्याची कल्पना काढली आणि विल्यम निकरसन या तंत्रज्ञाने ती प्रत्यक्षात उतरवली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, जेमतेम ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी असे लाखो रेझर विकत घेतले. जिलेटच्याच कंपनीने १९७१ साली दोन पात्यांचे कार्ट्रिज आणले, १९९८ मध्ये पाती तीन झाली आणि २००६ मध्ये पाच. पहिल्या पात्याने केस ओढून धरायचा आणि मागच्याने तो आणखी खोल कापायचा, असे त्यामागचे तत्त्व आहे. पण कुरळ्या दाढीच्या माणसाला ते सोसत नाही, कारण त्वचेखाली कापला गेलेला केस वाढताना आतल्या आत वळतो आणि पुळी येते. माझ्या गळ्यावरच्या पुळ्या एका पात्यावर आल्यापासून गेल्या. हा माझ्यापुरता अनुभव आहे, औषध म्हणून सांगत नाही.

ठाणेकरांना तर या पात्यांचे वेगळे अप्रूप असायला हवे, कारण सुपरमॅक्सची पाती आमच्याच शहरात बनत आणि त्या कारखान्यात काम करणारा कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीचा असे. मी वापरतो ते पाते काही रुपयांना मिळते आणि माझ्या राठ दाढीवर पाच वेळा चालते. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरीही तो पोलादी धार बोथट करतो, हे कोडे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उलगडले: धार झिजण्यापेक्षा तिचे सूक्ष्म टवके उडतात, आणि तेही पोलादाची घडण एकसारखी नसते अशा जागी, केस वाकून तिरपा आदळला म्हणजे. तेव्हा पाते टॉवेलला पुसून धार वाचवण्याच्या खटपटीत पडू नये. नुसते धुऊन, झटकून ठेवावे.

ब्रशाविषयी एकच सांगतो. बिज्जूच्या, म्हणजे बॅजर या प्राण्याच्या, केसांचा ब्रश हवा म्हणून हळहळणाऱ्यांनी कृत्रिम तंतूंचा घ्यावा. तो लवकर वाळतो, फेसही चांगला काढतो आणि कोणत्याही प्राण्याच्या जिवावर उठत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत माणसांना अँथ्रॅक्स झाला होता, ही गोष्ट जुन्या वस्तूंच्या बाजारातून ब्रश उचलणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. जुना रेझर उकळून घेता येतो, जुन्या ब्रशाची तशी खात्री देता येत नाही. बाकी बारा रेझर आणि वीस साबण जमवणाऱ्यांवर माझा राग नाही, पण तो संग्रहाचा छंद झाला, दाढीचा नव्हे.

आता पात्याविषयी. वडिलांचे पाहून मीही दिनदर्शिकेचे रोज फाडायचे पान वापरतो, आणि गेल्या वर्षीपर्यंत जुने पाते त्याच पानात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकत असे. एके सकाळी आमच्या इमारतीचा कचरा वेचून वेगळा करणाऱ्या मावशींचा अंगठा चांगलाच कापला. खाली गेलो तेव्हा त्यांच्या पायाशी रक्ताने भरलेला कागद पडला होता आणि त्यावर आदल्या मंगळवारची तारीख होती. आमच्या इमारतीत तसली दिनदर्शिका फक्त माझ्या घरी आहे. मावशी काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना दवाखान्यात नेले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले, चार दिवस त्यांची मजुरी बुडाली ती मी भरून दिली. पण कागदात गुंडाळणे म्हणजे काळजी घेणे नव्हे, तर धार झाकून दुसऱ्याच्या हाती देणे आहे, हे मला साठी उलटल्यावर कळावे याची लाज वाटली.

उपाय अगदी साधा आहे. जुन्या अमेरिकी घरांत न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाला मागच्या बाजूस एक फट ठेवत आणि वापरलेली पाती तीतून थेट भिंतीच्या पोकळीत टाकत. भिंतीत पाती साठवण्याचा तो प्रकार आपल्याला नको, पण फट उपयोगाची आहे. मी दूध भुकटीचा एक पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला छिन्नीने पाते जेमतेम आत जाईल एवढी चीर पाडली आणि झाकण चिकटपट्टीने पक्के बंद केले. एक पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. माझी वर्षाला सत्तरच्या आसपास पाती होतात. ती एकावर एक रचली तर उंची एक सेंटिमीटरही भरत नाही. तेव्हा हा डबा बहुधा माझ्या हयातीत भरायचा नाही. भरलाच, तर चीर बंद करून, आत काय आहे ते स्पष्ट सांगून भंगारवाल्याकडे द्यायचा, कारण आत निव्वळ पोलाद आहे. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या कार्ट्रिजच्या पात्यांबाबत तेवढीही सोय नसते.

घरचे असे भागते, सलूनचे भागत नाही. तिथे प्रत्येक गिऱ्हाईकाला पाते कागदासकट मधोमध मोडून त्याचा नवा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवतात. गिऱ्हाईकाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे, पण त्यामुळे दिवसाकाठी उरणारे तुकडे माझ्या डब्याच्या आवाक्यातले नाहीत. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांनी सलूनवाल्यांना असे बंद डबे द्यावेत आणि महिन्यातून एकदा ते वेगळे उचलावेत, अशी माझी सूचना आहे. आपल्या पुरवणीच्या संपादकांना विनंती अशी की, या छंदावर पुन्हा लिहाल तेव्हा परदेशी साबणाच्या छायाचित्राशेजारी चीर पाडलेल्या डब्याचेही एक छायाचित्र छापावे. कोपऱ्यावरच्या काकांना मी एक डबा करून दिला आहे; त्यांनी तो आरशाखालच्या फळीवर, तुरटीच्या शेजारी ठेवला आहे, आणि तीन आठवड्यांत तो पाव भरला आहे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे