इमॅजिका सहल: रविवारी पहाटे 3 वाजता दसरा चौकातून निघायचं

सर्व सभासदांना नमस्कार,

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कची सहल येत्या रविवारी नक्की झाली आहे. गाडी पहाटे बरोबर 3 वाजता कोल्हापूरच्या दसरा चौकातून सुटेल, नंतर तावडे हॉटेलपाशी थांबेल. अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे, त्यामुळे कुणासाठीही थांबता येणार नाही. नाष्टा वाटेत.

- नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरवर आधी जा. रांग दुपारपर्यंत फार वाढते.
- उन्हाच्या वेळी ‘आय फॉर इंडिया’सारखे आतले शो बघा. पाय अधांतरी सोडून डोंगरदऱ्यांवरून उडाल्यासारखं वाटतं. आजी-आजोबांनी हे चुकवू नये.
- राजासॉरस या डायनासोरच्या राइडच्या बोटीत भिजायला होतं. ती चारच्या आत उरका आणि कोरडे कपडे घाला. ओल्या कपड्यांत संध्याकाळच्या कार्यक्रमातली गाणी ऐकायला मजा येत नाही, मुलं कुडकुडतात.
- परेड आणि मंचावरचा कार्यक्रम संध्याकाळी. वेळ त्या दिवशीच्या फलकावर बघा. अर्धा तास आधी जागा धरा, लहान मुलं पुढे बसवा.

मोठ्या राइड्सना उंचीची अट असते. गेल्या सहलीत एका पोराला पट्टीपाशी दोन बोटं कमी भरली म्हणून परत फिरवलं, रडून रडून त्याचे डोळे सुजले. मुलांना घरीच समजावून सांगा. हृदयविकार, पाठदुखी असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी कोस्टरवर कृपया जाऊ नये.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. भाकरी-चटणी गाडीतच ठेवा.

परतीसाठी रात्री 8.30 ला मुख्य दरवाजाशी जमायचं. नावं गुरुवारपर्यंत कळवा.

– सहल समिती