बॅक दाबलं की पुन्हा पहिल्या चादरीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादरी-टॉवेलच्या दुकानात 22 वर्षं काउंटरवर आहे, त्यामुळं हा ऑनलाईनवाल्यांवर जळतोय असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे. माझं म्हणणं वेगळंच आहे.

झालं असं, नाशिकच्या मेहुणीनं घरात चादरवाला दाजी असताना मोबाईलवरनं चादर मागवली (मला त्रास नको म्हणून म्हणे), डबल समजून मागवली आणि आली सिंगल. वर फोन करून मलाच, "दाजी, फोटोत तर अख्खा पलंग झाकला होता की!"

मग रात्री दुकान वाढवल्यावर मी स्वतःच मोबाईल घेऊन बसलो, म्हटलं बघू तरी हिची चूक कुठं झाली. तिची चूक नव्हतीच. यादीत एका ओळीत दोन चादरी, वर फोटो, खाली नाव, आणि प्रत्येकाचं नाव 'सोलापुरी चादर प्युअर कॉटन जॅका' इथपर्यंत येऊन पुढं तीन टिंबं. 60 बाय 90 का 90 बाय 100 ते त्या टिंबांच्या मागं दडलेलं. अहो, आमच्याकडं गिऱ्हाईक पायरी चढलं की पहिला प्रश्न "सिंगल का डबल?", दुसरा "कितीपर्यंत दाखवू?", रंग-बिंग त्यानंतर. इथं जे आधी कळायला पाहिजे तेच कापलेलं. आणि सोलापुरी चादरीला जीआय मानांकन (म्हणजे ते नाव सोलापूरच्या अस्सल मालालाच लावायचा हक्क) असताना या यादीत पॉलिस्टरची ब्लँकेटं पण सोलापुरी म्हणून मिरवायलीत, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

फिल्टर होता, नाही असं नाही. पण उघडला की आधी रंगांची ही लांबलचक रांग आणि माप पार खाली, त्यात पण 'डबल', 'डबल बेड', 'क्वीन', 'स्टँडर्ड', 'फ्री साईझ' असे वेगवेगळे कप्पे, कारण विकणारा जे भरेल ते तसंच छापायचं, त्याला एक वळण लावायला कुणी बसलेलंच नाही. एकावर टिक केली की लगेच सगळी यादी नव्यानं लोड, दुसरी टिक करायला परत फिल्टर उघडा, आणि तिसऱ्या टिकेला 'काहीही सापडलं नाही'. प्रत्येक पर्यायापुढं किती नग आहेत तो आकडा आधीच दाखवला असता तर रिकाम्या रॅकला हात तरी कशाला घातला असता.

पण खरा वैताग बॅकचा. सत्तर-ऐंशी चादरी खाली सरकवत गेलो, एक पसंत पडली, उघडली, किंमत बघून बॅक दाबलं तर थेट पहिल्या चादरीवर! गिऱ्हाईकाला एक चादर उजेडात बघायला दाराशी न्यावं आणि तेवढ्यात आतल्या पोरानं अख्खा ढीग घड्या घालून रॅकवर चढवावा, तसं झालं. असं दुकानात झालं तर गिऱ्हाईक चप्पल घालतं.

पुतण्या असल्याच कामात आहे, त्याला विचारलं. तो म्हणला काका, बोट सरकवलं की आपोआप पुढचा माल येत राहतो ना, त्यात साईटनं गिऱ्हाईक कुठवर आलंय हे लक्षात ठेवलं नाही तर असंच होतं, आणि ते लक्षात ठेवायची सोय ब्राउझरमध्ये कधीपासनं आहे, करणाऱ्यानं वापरायला पाहिजे. त्याच्या मते थोडा माल दाखवून खाली 'आणखी दाखवा' असं बटण दिलेलं बरं, माणूस थांबतो, विचार करतो, आणि पानाच्या तळाला जे फोन नंबर, परतीचे नियम असतात तिथंवर पोचतो तरी. नाहीतर तळ जवळ आला की नवीन माल येऊन तो आणखी खाली पळतो. बटणांचं पण त्यानं सांगितलं, अँड्रॉइडसाठी गुगलच सांगतं की बोट लावायची जागा निदान 48 डीपी (हे स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक) म्हणजे साधारण 9 मिलिमीटर ठेवा. मी बघितलेल्या यादीत फिल्टर काढायची फुली ज्वारीच्या दाण्याएवढी होती आणि तिला चिकटून जाहिरात, आमची बोटं जाणार कुठं?

आणखी एक, यादीत कुठला माल वर आणि कुठला खाली हे मुख्यतः कशावर ठरतं ते गिऱ्हाईकाला सोप्या भाषेत सांगा असं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. मला ते कुठं दिसलं नाही, बहुतेक ते पण तळालाच असेल.

हे लिहायचं कारण, आमच्या मालकांनी पण आता साईट करून घ्यायचं काढलंय आणि गल्लीतले आणखी दोघं-तिघं त्याच नादात आहेत. करणारी पोरं फोटो झकास लावतात, सरकतं बॅनर लावतात. त्यांना पैसे द्यायच्या आधी मालकांनी एवढं करावं, एखादा साधा, दोन-तीन वर्षं जुना मोबाईल घरातल्या बाईमाणसाच्या हातात द्यावा, डबलची निळी चादर शोधायला सांगावी आणि मधे न बोलता नुसतं बघत उभं राहावं.

मेहुणीला डबल मी दुकानातनं पाठवली. सिंगल अजून तिच्याकडंच पडून आहे, परत करायचं कसं ते बघायला ती खाली सरकवायलीय.

आपला,
चाटी गल्लीतला एक काउंटरवाला, सोलापूर