सूचना : जंगलवाटांचा नकाशा आधी, जीप नंतर

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या राष्ट्रीय वनांत शनिवारी जीप आणणाऱ्यांनी वन खात्याचा 'मोटार व्हेइकल यूज मॅप' घरीच फोनवर उतरवून घ्यावा, वर रेंजचा भरवसा नाही. नकाशा फुकट मिळतो, पण चढ-उतार दाखवत नाही. सोबत टोपो नकाशा, म्हणजे उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा, हवाच. वन खात्याच्या २००५च्या नियमानुसार, खात्याच्या नकाशावर नसलेली वाट गाड्यांना बंद. चाकोरी कितीही ठळक दिसो, पाटी असो वा नसो. वाटेचा क्रमांक त्याच नकाशावरच्या तक्त्यातही पाहा: काही वाटा ठरावीक तारखांनाच खुल्या, काहींवर ५० इंचांहून रुंद गाडी चालत नाही. फसगत होते ती इथेच. खडकाळ भागात टायरची हवा ३५ वरून २० पीएसआयच्या आसपास उतरवा. परतताना भरायला कॉम्प्रेसर लागेल. चिखल चुकवायला कडेने गाडी घातली की वाट रुंदावते. मधूनच काढा, नाहीतर मागे फिरा.