सोयाबीनचे बियाणे घरचे चालते, मग कपाशीचे का नाही?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पेरणीच्या तोंडाशी आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर दरवर्षी दोन आवाहने येतात. सोयाबीनचे घरचे बियाणे उगवणशक्ती तपासून वापरावे, हे एक. आणि संकरित कपाशीची घरची सरकी लावू नये, हे दुसरे. दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण त्यांमागचे कारण कधीच छापले जात नाही, आणि मग पारावर एकच निष्कर्ष निघतो, की कपाशीच्या बाबतीत सरकार कंपन्यांची तळी उचलते. खरे कारण दहावीच्या विज्ञानात शिकवल्या जाणाऱ्या पेशीविभाजनात आहे. मुलगा ते गुणांपुरते पाठ करतो आणि बाप त्याच प्रश्नावरून कृषी सहायकाशी हुज्जत घालतो, म्हणून हे पत्र.

झाड वाढते ते सूत्री विभाजनाने. यात पेशी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्याची, आधी हुबेहूब प्रत करते, ही दुहेरी गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी ओळीत येतात, तर्कुतंतू नावाचे बारीक धागे त्यांचे दोन भाग दोन टोकांकडे ओढतात, आणि तयार होणाऱ्या दोन्ही पेशींना मूळ पेशीत होती तीच आणि तेवढीच गुणसूत्रे मिळतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचराच्या पेशी रंगवून हा क्रम पाहिला आणि 1882 साली सविस्तर मांडला. आमच्या वरुड तालुक्यात तो रोज घडतो. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. त्या डोळ्यातून फुटणारी फांदी केवळ सूत्री विभाजनाने वाढत असल्याने संत्र्याची 18 गुणसूत्रे पेशीमागून पेशीत जशीच्या तशी उतरतात आणि फळ मातृवृक्षासारखेच येते. जंभेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे निघतात. त्यांतली बहुतेक परागाच्या सहभागावाचून, आईच्याच ऊतीपासून झालेली असतात, तर वाफ्यातली बारकी आणि वेगळ्या ठेवणीची म्हणून उपटून टाकली जातात ती बहुधा परागसंयोगातून आलेली असतात. रोपवाटिकेतले कामगार ही निवड नजरेने करतात, आणि ती बहुतांशी बरोबर असते.

बियाण्याची गोष्ट निराळी आहे. पराग आणि अंडपेशी तयार होण्यापूर्वी अर्धसूत्री विभाजन व्हावे लागते. त्यात गुणसूत्रांची प्रत एकदाच होते, पण पेशी लागोपाठ दोनदा विभागते, आणि अमेरिकन कपाशीची 52 गुणसूत्रे प्रत्येक जननपेशीत 26 उरतात. प्रत्येक जोडीतले आईकडचे गुणसूत्र जाईल की बापाकडचे, हे त्या त्या जोडीपुरते स्वतंत्रपणे ठरते. एवढ्यावरच 26 जोड्यांचे 6,71,08,864 वेगवेगळे संच होऊ शकतात. शिवाय जोडीतली गुणसूत्रे एकमेकांपासून वेगळी होण्यापूर्वी आपसांत तुकडे बदलतात, ते वेगळेच. पत्ते पिसावेत तसा हा प्रकार आहे. संकरित झाडाचे आईबाप दोन भिन्न वाण असल्यामुळे पिसलेल्या प्रत्येक पानाने फरक पडतो. पिशवीतल्या बियाण्याची पराटी, म्हणजे कपाशीची झाडे, एकसारखी दिसते, पण तिच्याच सरकीतून उगवलेल्या वावरात कुठे झाड उंच, कुठे बुटके, कुठे बोंडे भरपूर, तर कुठे नावालाच, असे चित्र दिसते. हे कोण्या कंपनीने लावलेले कुलूप नाही. 1970 साली सुरतहून आलेल्या संकर-4 या जगातील पहिल्या व्यापारी संकरित कपाशीलाही हाच नियम लागू होता, आणि तेव्हा बीटीचा, म्हणजे बोंडअळीला मारक विष झाडातच तयार करणाऱ्या जनुकांचा, पत्ताही नव्हता.

सोयाबीनमध्ये अर्धसूत्री विभाजन होत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ते तिथेही प्रत्येक फुलात होते. परंतु सोयाबीनचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, आणि पिढ्यान्‌पिढ्या असे झाल्याने सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणात प्रत्येक जोडीची दोन्ही गुणसूत्रे जवळजवळ एकसारखी झालेली असतात. कितीही मिसळली तरी हाती तेच येते. कपाशीच्या सरळ वाणालाही ही सवलत आहे, फक्त मधमाश्यांमुळे शेजारच्या वावरातला पराग येण्याची शक्यता अधिक असल्याने तिथे अंतर राखावे लागते.

आता थोडे बोंडअळीविषयी, कारण 2017 चा हंगाम विदर्भात कोणी विसरलेले नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते, आणि संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही झाडाची पुढची पिढी असते. बीटीची दोन जनुके संकरात एकाच पालकाकडून आली असतील, तर अर्धसूत्री विभाजनानंतर त्याच झाडावरच्या 16 सरक्यांपैकी सरासरी 9 मध्ये दोन्ही जनुके, 6 मध्ये त्यांतले एकच आणि 1 मध्ये एकही नाही, अशी वाटणी होते. म्हणजे एकाच बोंडात अळीला विषाच्या कमी-अधिक मात्रा मिळतात, आणि प्रतिकारक्षम अळ्या निवडल्या जाण्याचे हे एक कारण शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. घरची सरकी लावल्यास हीच विभागणी बोंडापुरती न राहता अख्ख्या वावरात पसरते.

शेतकऱ्यांचा संशय अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, हे विकणाऱ्याच्या सोयीचेच आहे. बीटी जनुक सरळ वाणात आणता येते. इतर अनेक देशांत बीटी कपाशी सरळ वाणांचीच असते, आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनीही त्या दिशेने काम केले आहे. तक्रार करायचीच असेल, तर असे बियाणे गावच्या कृषी केंद्रात का मिळत नाही, याची करावी. तेव्हा येत्या खरिपाआधी आपल्या कृषी पानावर घरच्या बियाण्याचा सल्ला छापताना त्याशेजारी संकरित वाण आणि सरळ वाण यांतला फरक, पेशीविभाजनाच्या एका साध्या आकृतीसह, द्यावा, आणि आपल्या भागात सहज मिळणाऱ्या सरळ वाणांची यादी विद्यापीठाकडून मागवून तीही प्रसिद्ध करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. वरुड, जि. अमरावती