तेल कंपनीचा डायरेक्टर जेव्हा गव्हर्नर जनरल होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकर्णो यांच्यावरचा लेख वाचला, चांगला झालाय, पण ज्याने त्यांना १९३४ मध्ये फ्लोरेस बेटावर हद्दपार केलं त्या बोनिफेसियस डे योंगेला 'कडक शिस्तीचे प्रशासक' एवढ्यावर उरकलंय, ते खटकलं म्हणून लिहितोय. हा माणूस १९३१ ते १९३६ डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा गव्हर्नर जनरल होता. त्याआधी तो कुठे नोकरीला होता हे सांगितलं नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

हेगमधल्या खानदानी घरातला, जन्म १८७५ चा, कायदा शिकलेला. १९१७-१८ मध्ये हॉलंडचा युद्धमंत्री होता. मंत्रिपद गेल्यावर तो तेलाच्या धंद्यात शिरला, रॉयल डच शेल ग्रुपमधल्या बाताफ्से पेट्रोलियम कंपनीत, आणि १९२० च्या दशकातला बराच काळ लंडनमध्ये कंपनीचं काम बघत होता, डायरेक्टरही झाला. आता ही कंपनी तेल काढत कुठे होती? सुमात्रात पांगकालान ब्रांदान, पालेमबांगचा भाग, बोर्नियोत बालिकपापान. म्हणजे पुढे ज्या मुलखावर राज्य करायला पाठवलं तोच मुलूख. बरं, जांबीच्या तेलासाठी १९२१ मध्ये तिथल्या सरकारने याच कंपनीबरोबर निम्म्या-निम्म्या पार्टनरशिपमध्ये वेगळी कंपनी काढली होती, त्यामुळे हा गव्हर्नर जनरल झाला तेव्हा त्याचं सरकार आणि त्याची जुनी कंपनी आधीपासूनच पार्टनर होते.

आणि एवढ्यावर थांबत नाही. १९३३ मध्ये हॉलंडचा पंतप्रधान झाला हेंड्रिकस कोलैन, वसाहतींचं खातंही त्याने स्वतःकडेच ठेवलं. हा कोलैन कोण, तर त्याच बाताफ्सेचा जुना डायरेक्टर! हुकूम देणारा आणि हुकूम राबवणारा, दोघं एकाच ऑफिसातून आलेले. मुद्दा लाच खाण्याचा नाहीच आहे, डे योंगे रीतसर नोकरी सोडून गेला होता, नेमणूक कायदेशीर होती. पण इतकी वर्षं कंपनीच्या खुर्चीतून ज्या मुलखाकडे विहिरी आणि मजूर म्हणून बघितलं तिथली माणसं खुर्ची बदलली की एकदम नागरिक दिसायला लागतात का, मला नाही वाटत.

त्याचा काळ जागतिक मंदीचा होता हे मान्य. साखर, रबर सगळ्याचे भाव कोसळलेले, जावातले साखर कारखाने बंद पडत होते, पण हॉलंडने सप्टेंबर १९३६ पर्यंत आपलं चलन गिल्डर सोन्याच्या भावाला बांधूनच ठेवलं, त्यामुळे तिथला माल बाहेर अजून महाग पडायचा आणि भार शेवटी पगारदार आणि शेतकऱ्यावर. पगारकपातीवरून फेब्रुवारी १९३३ मध्ये 'डे झेवेन प्रोव्हिन्सियन' या युद्धनौकेवर खलाशांनी बंड केलं, ज्यात इंडोनेशियन होते आणि डचही होते, तर सरकारने विमानातून बॉम्ब टाकला, २३ माणसं मेली.

हद्दपारीचं तर मुद्दाम सांगायला हवं, कारण तुमच्या लेखात तिथे 'शिक्षा झाली' असं छापलंय. शिक्षा कसली, खटलाच झाला नाही! १९३० मध्ये बांडुंगला सुकर्णोंवर खटला तरी चालला होता, त्यांनी कोर्टात मोठं भाषण केलं. ऑगस्ट १९३३ मध्ये पुन्हा पकडलं तेव्हा डे योंगेने गव्हर्नर जनरलच्या खास अधिकारात कोर्टाला बाजूला ठेवून सरळ फ्लोरेसवरच्या एंडे गावी रवाना केलं. स्वातंत्र्य चळवळीतलेच दुसरे नेते मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरिर यांना १९३४ मध्ये पकडून पुढच्या वर्षी पापुआतल्या बोव्हेन दिगुलच्या छावणीत टाकलं, जंगलातली मलेरियाची जागा ती, तेही बिनखटला. पुण्याच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको, १८९७ मध्ये इंग्रज सरकारने पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली, म्हणजे बिनखटला डांबायच्या कायद्याखाली, असंच उचललं होतं. टिळकांना निदान कोर्टात उभं तरी केलं होतं.

तीनशे वर्षं आम्ही इथे चाबूक आणि दंडुक्याने राज्य केलं आणि अजून तीनशे वर्षं करू, अशा अर्थाचं तो बोलल्याचं इंडोनेशियाच्या इतिहासात हमखास सांगतात. तो १९३६ मध्ये परत गेला, आणि मार्च १९४२ मध्ये डच फौजांनी जावात जपान्यांपुढे शरणागती पत्करली. बालिकपापान, पालेमबांगचं तेल हेच तर जपानला हवं होतं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या भागात डे योंगेची ओळख पूर्ण छापा, तेल कंपनीसकट, आणि कोलैनचं नावही येऊ द्या. आणि जमलं तर शाहरिरवर एक स्वतंत्र लेख करा. ज्याला यांनी दिगुलला टाकलं त्यालाच जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईकांनी डचांची नाकेबंदी चुकवून स्वतः विमान चालवत जावाबाहेर काढलं आणि दिल्लीला आणलं, हे आपल्याकडच्या कितीतरी जणांना माहीतच नाही.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड